वाळलेली गाठ झाडावरच राहू द्या

दाराच्या चौकटीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कधी देवघराच्या कोपऱ्यात मातीचं बोटभर घरटं सापडतं. कुंभारीण माशीचं. आजीने सांगितलेली गोष्ट बहुतेकांना आठवत असेल: कुंभारीण हिरवी अळी उचलून आणते, घरट्यात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि भीतीने म्हणा की ध्यासाने म्हणा, त्या अळीचीच कुंभारीण होते. कीर्तनात हा दृष्टान्त ठरलेला. भक्ताने देवाचा ध्यास असा घ्यावा.

घरटं हलक्या हाताने फोडलं की मधली पायरी दिसते. आत अळ्या असतात, जिवंत, पण लुळ्या. डंखाने त्यांची हालचाल गेलेली असते. तिथेच एक अंडं असतं. त्यातून निघालेलं कुंभारणीचं पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढतं, कोशात जातं, आणि एक दिवस मातीला भोक पाडून नवी कुंभारीण बाहेर येते. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, इतकं जुन्या माणसांनी अगदी बरोबर पाहिलं होतं.

ही मधली पायरी हाताशी धरून इटलीच्या डोंगरांवरची चेस्टनटची झाडं कशी सावरली, ते सांगायचं आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणसाने काय केलं, याच्याइतकंच त्याने काय करायचं टाळलं, हे तिच्यात महत्त्वाचं आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. ऊ, गोचीड, जंत हे परोपजीवी. ज्याच्यावर ते जगतात त्याला ते सहसा मारत नाहीत. तो मेला तर त्यांचंच घर बुडतं. आपण ज्या माश्यांबद्दल बोलणार आहोत त्यांनाही शेतीच्या भाषेत परोपजीवीच म्हणतात, पण त्यांचा यजमान वाचत नाही. मादी आपलं अंडं दुसऱ्या किडीच्या अंड्यात, अळीत किंवा अळीच्या अंगावर घालते. पिल्लाचं खाणं संपतं तेव्हा यजमानही संपलेला असतो. नात्याने या गांधीलमाशीच्या कुळातल्या, पण माणसाच्या वाटेला जात नाहीत, आणि इतक्या लहान की भिंग नसेल तर चिलट समजून आपण हात झटकू. महाराष्ट्रातल्या ऊस आणि कपाशीच्या शेतकऱ्याला यातली एक चांगली ओळखीची आहे: ट्रायकोग्रामा. पानाला टाचायचं ट्रायकोकार्ड म्हणजे या माशीची पिल्लं आत वाढत असलेल्या, दुसऱ्या किडीच्या हजारो बारीक अंड्यांचा पुठ्ठा. ती कार्डं मात्र हंगामात पुन्हा पुन्हा लावावी लागतात. चेस्टनटच्या गोष्टीतली माशी वेगळ्या हिशोबाने आणली गेली. एकदा सोडायची आणि तिने तिथलीच होऊन जायचं.

चेस्टनट म्हणजे काटेरी बोंडातलं, तपकिरी चकचकीत कवचाचं फळ. भाजून खातात, उकडून खातात, वाळवून पीठ करतात. इटलीच्या ज्या डोंगरउतारांवर गहू धड पिकत नव्हता तिथे पिढ्यान्‌पिढ्या या पिठावर घरं चालली, म्हणून तिकडे त्याला 'भाकरीचं झाड' म्हणत आले. वायव्य इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी पियेमोन्ते नावाचा प्रांत आहे आणि त्यात कुनेओ हा जिल्हा. चेस्टनटसाठी नावाजलेला. २००२ साली याच कुनेओत झाडांवर काहीतरी भलतं दिसलं. वसंतात डोळे फुटायचे, पण त्यातून पालवी यायच्या ऐवजी गाठी यायला लागल्या. हिरव्या, गुलाबी झाक असलेल्या, वाटाण्यापासून बोरापर्यंतच्या आकाराच्या. आंब्याच्या किंवा करंजाच्या पानांवर बारीक गाठी आलेल्या आपण पाहतो, तसलाच प्रकार, पण इथे गाठ थेट कोंबातच. जिथे फांदी वाढायची, फुलोरा यायचा, तिथेच गाठ बसली की पुढचं सगळं खुंटतं.

हे काम चेस्टनटच्या गाठमाशीचं. तीही माशीच, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, काळी. मूळची चीनची. १९४१ मध्ये ती जपानमध्ये सापडली होती, नंतर कोरियात, १९७४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. युरोपात पहिल्यांदा ती या कुनेओत दिसली.

तिचं वर्षभराचं वेळापत्रक कळलं की बाकीचं कोडं आपोआप उलगडतं. जून-जुलैत माशी गाठीतून बाहेर पडते. नर नसतोच, सगळ्या माद्या, आणि प्रत्येक जण नराशिवायच अंडी घालते, शंभरावर. ही अंडी पुढच्या वर्षी फुटायच्या डोळ्यांत जातात. महिना-सव्वा महिन्यात त्यातून सूक्ष्म अळी निघते आणि मग ती काहीच करत नाही. पानगळ, हिवाळा, बर्फ, सगळं ती डोळ्यात झोपून काढते. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. म्हणूनच ही कीड कलमाच्या काडीतून देशोदेशी फिरली. काडी घेणाऱ्याला दिसणार काय? वसंतात झाडात रस चढला की अळी जागी होते, तिच्याभोवती झाडाचा कोंबच फुगतो, आणि आपल्याच शत्रूसाठी झाड भिंती आणि अन्न असलेली खोली बांधून देतं.

आता फवारा कुठे मारायचा? अळी वर्षातले दहा-अकरा महिने डोळ्यात नाहीतर गाठीत बंद. बाहेरची माशी जगते काही दिवस, पण सगळ्या एकदम निघत नाहीत. आठवड्यांवर आठवडे निघत राहतात. झाडं उंच, डोंगरउतारावरची, निम्मी तर रानातच. त्याच रानात लोक मधपेट्या ठेवतात, अळंबी गोळा करतात. तिथे औषधाचे टँकर फिरवणं हा उपाय नव्हताच. जपानने आधी दुसरी वाट चोखाळली होती: गाठी न धरणारे वाण लावायचे. काही वर्षं ते चाललं, मग त्या वाणांवरही गाठी दिसू लागल्या. इटलीत काही भागांत निम्म्याहून अधिक पीक गेलं. फुलोरा घटला तसा चेस्टनटचा मधही घटला. २००६ मध्ये युरोपीय संघाने रोपांच्या ने-आणीवर तातडीचे निर्बंध घातले. कीड तरीही पसरत राहिली.

तिकडच्या रानात परोपजीवी माश्या नव्हत्या असं नाही. ओक झाडांवरही गाठी येतात, आणि त्या गाठींतल्या किड्यांवर जगणाऱ्या स्थानिक माश्यांच्या कितीतरी जाती तिथे आहेत. त्यांनी चेस्टनटच्या गाठीतही अंडी घालून पाहिली. पण त्यांचं वेळापत्रक ओकशी जुळलेलं. चेस्टनटची गाठ कोवळी, पातळ भिंतीची असते तेव्हा यांच्यातल्या कित्येक जणी बाहेरच आलेल्या नसतात, आणि येतात तोवर गाठ घट्ट होऊन बसलेली असते. त्यामुळे फारच थोड्या गाठमाश्या त्यांच्या तावडीत सापडल्या. घड्याळ जुळलेली माशी हवी होती, आणि ती तिथेच मिळणार जिथे गाठमाशी मूळची.

जपान्यांना ती १९७५ मध्ये चीनमधून मिळाली. टोरिमस सायनेन्सिस हे तिचं शास्त्रीय नाव. आपण तिला टोरिमस म्हणू. अंग धातूसारखं हिरवं चमकणारं, पाय पिवळसर, लांबी अडीच मिलिमीटरच्या आसपास. मादीच्या मागे जवळजवळ तिच्या अंगाइतकी लांब, केसासारखी सुई. एप्रिलच्या उन्हात ती कोवळ्या गाठीवर उतरते, शिंगांनी टकटक करत फिरते, एका जागी थांबते, पोट उचलून सुई सरळ खाली रोवते. आतल्या खोलीत पांढरी अळी असते, तिच्या अंगावर किंवा खोलीच्या भिंतीवर एक अंडं. एका अळीला एकच. टोरिमसची अळी त्या अळीला बाहेरून चिकटून तिला शोषून घेते. उन्हाळा संपतो, गाठ वाळते, तपकिरी आणि लाकडासारखी टणक होते, आणि तिच्या आत गाठमाशीच्या ऐवजी टोरिमस हिवाळा काढते. पुन्हा मार्च-एप्रिल, पुन्हा कोवळी गाठ. दोघींचीही वर्षाला एकच पिढी, पावलावर पाऊल.

१९८२ मध्ये जपानच्या त्सुकुबा इथे संशोधन केंद्रात २६० माद्या सोडल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत तिथल्या झाडांवरच्या गाठी इतक्या कमी झाल्या की पिकाला त्याचा त्रास उरला नाही. हे काम पाहून तोरीनो विद्यापीठातले आल्बेर्तो आल्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधून टोरिमस असलेल्या वाळक्या गाठी मागवल्या. तिथे पुन्हा घड्याळाची अडचण आली. जपानचा वसंत आणि पियेमोन्तेचा वसंत एका तारखेला येत नाही. माश्या गाठीतून निघाल्या आणि बाहेर झाडांवर अजून कोंबच नसले, तर सोडून उपयोग काय? मग त्यांना थंडाव्यात ठेवून त्यांचं बाहेर येणं लांबवलं, आणि २००५ मध्ये कुनेओत पहिल्यांदा टोरिमस मोकळी झाली.

पुढची काही वर्षं शेतकऱ्यासाठी सर्वांत कठीण होती, आणि या विषयावर लिहिताना ती घाईत उरकली जातात म्हणून मी जरा थांबतो. एका बागेत शे-सव्वाशे माद्या सोडल्या जातात. एक मादी आयुष्यात सत्तरेक अंडी घालते. त्यांच्यासमोर एकेका झाडावर हजारो गाठी. गाठमाशीला नर लागत नाही. एकटीही नव्या रानात पोचली तरी वंश सुरू. टोरिमसच्या मादीची नराशी गाठ पडली नाही, तर तिला फक्त नरच होतात. म्हणजे सुरुवातीला संख्या विरळ असताना गाडी अडखळते. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही झाड गाठींनी लगडलेलंच. शेजारी म्हणतो, सरकारने किडे सोडून आणखी एक पीडा आणली. फळ नसलेल्या झाडाकडे बघत आणखी एक हिवाळा काढायला सांगणं सोपं नाही.

नेमकं याच काळात चांगला शेतकरी जे करतो तेच घातक ठरतं. रोगट दिसतं ते छाटायचं, गोळा करायचं आणि जाळायचं, हे आपल्यालाही घरातून शिकवलेलं असतं. इथे मात्र हिवाळ्यात झाडावर उरलेली वाळकी गाठ म्हणजे टोरिमसचं बाळंतघर. गाठमाशी तिच्यातून जून-जुलैतच उडून गेलेली असते. आत उरलेली असते ती आपली माशी. छाटलेल्या फांद्या पेटवल्या की पुढच्या वसंताची सगळी फौज त्या धुरात जाते. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना कळकळीने सांगितलं गेलं: वाळलेली गाठ राहू द्या, छाटलीच तर फांदी बागेतच पडू द्या, आणि वसंतात कीटकनाशक मारू नका. पुढे असंही लक्षात आलं की काही टोरिमस एका नाही तर दोन हिवाळ्यांनंतर बाहेर येतात. जुनी, काळपटलेली गाठही रिकामी समजू नये.

आत कोण आहे, हे ओळखायची रीत मला फार आवडते. थंडीत वाळक्या गाठी गोळा करायच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून झाकण बंद करायचं, आणि खोक्याला भोकं पाडून त्यात काचेच्या नळ्या बसवायच्या. आत काळोख, उजेड फक्त नळीच्या तोंडाशी. वसंतात माश्या बाहेर पडतात आणि उजेडाकडे चालत नळीत येतात. मग मोजायच्या, वेगळ्या करायच्या, मधाचं बोट चाटवून गार जागी ठेवायच्या आणि ज्या गावात नाहीत तिथे न्यायच्या. पुढे इटलीत अशा राखून ठेवलेल्या बागाच तयार झाल्या, जिथून आजूबाजूच्या भागाला टोरिमस मिळू लागली. फ्रान्स, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, पुढे स्पेन आणि पोर्तुगालपर्यंत ती पोचली.

आणि मग सात-आठ वर्षांनी पियेमोन्तेतल्या बागा फिरल्या. तपासलेल्या गाठींतल्या दर १० अळ्यांमागे ९ किंवा त्याहून अधिक टोरिमसने गाठलेल्या निघू लागल्या. गाठीच विरळ झाल्या. फांद्या पुन्हा लांब वाढल्या, बोंडं धरली. गाठमाशी संपली नाही, आणि ती संपणारही नाही. ती घटली की टोरिमसचंही खाणं घटतं, मग तीही घटते. एखाद्या वर्षी एखाद्या रानात गाठी पुन्हा वाढतात, मागोमाग टोरिमस वाढते. दोघी थोड्या थोड्या उरतात, आणि झाडाला तेवढं सोसतं.

धोका काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. परदेशी जीव सोडला की तो परत पिशवीत भरता येत नाही. जपानमध्ये टोरिमसचा तिथल्याच एका जातभाईशी संकर झाल्याचं आढळलं. इटलीत ती कधीकधी ओकवरच्या गाठींतही अंडी घालताना सापडली. त्या गाठींतल्या किड्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. रानात त्यांची स्वतःची जागा आहे. हे प्रमाण कमी आहे, पण ते मोजत राहणं हा या कामाचाच भाग आहे. एखादी माशी आणण्याआधी बंदिस्त प्रयोगशाळेत इतर किड्यांसमोर ठेवून ती कशाकशावर जाते हे पाहतात, त्याला वर्षं लागतात. ती वर्षं वाया गेली असं कुणी म्हणू नये.

घड्याळासारखंच हवामानही जुळावं लागतं, आणि याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या अक्रोडाचं आहे. अक्रोडाच्या पानांखाली राहणारा मावा तिथे बाहेरून आलेला. रस शोषायचा, चिकटा पाडायचा, त्यावर काळी बुरशी चढायची. १९५९ मध्ये फ्रान्समधून ट्रायॉक्सिस पॅलिडस नावाची बारीक माशी आणली. ती माव्याच्या पोटात अंडं घालते; मावा फुगून सोनेरी, कागदी टरफलासारखा होऊन पानाला चिकटून राहतो, आणि माशी त्याला गोल झाकण कापून बाहेर येते. समुद्राजवळच्या दमट, सौम्य भागात ती रुळली. आतल्या मोठ्या खोऱ्यात, जिथे अक्रोडाच्या खऱ्या बागा आहेत, तिथल्या कोरड्या भाजणाऱ्या उन्हाळ्यात ती टिकलीच नाही. संशोधकांनी हात टेकले नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी तीच जात इराणच्या कोरड्या, तापट पठारावरून आणली. नाव तेच, रूप तेच, फक्त माहेर वेगळं. ती दोन-तीन वर्षांत खोरंभर पसरली आणि अक्रोडावरचा मावा मोठी अडचण राहिला नाही.

कुनेओत सध्या हेझलनटच्या बागांत अशीच दुसरी लढाई चालू आहे. पूर्व आशियातला तपकिरी मार्बल ढेकण्या तिथे पोचला. तो कवचातून सोंड खुपसतो, गर सुकतो आणि कडू होतो. जॉर्जिया या देशातल्या हेझलनटच्या शेतकऱ्यांना त्याने जबर दणका दिला. त्याच्या अंड्यांवर जगणारी 'सामुराई माशी' इटलीत २०२० पासून सोडायला सुरुवात झाली, त्यासाठी आदल्या वर्षी कायदा बदलावा लागला. पण हा ढेकण्या शंभरावर झाडांवर जगतो, बागेत आज तर उद्या बांधावरच्या झुडपात, आणि सामुराई माशी काही वेळा इतर ढेकण्यांच्या अंड्यांवरही जाते. चेस्टनटसारखी एकास एक जोडी इथे नाही, त्यामुळे तसाच निकाल इतक्यात धरून चालणं चुकीचं होईल.

आपल्याकडे नारळावर ही गोष्ट घडते आहे. २०१६ मध्ये तमिळनाडू-केरळात रुगोज चक्राकार पांढरी माशी आली आणि पुढे गोवा आणि कोकणातही पोचली. तिच्यावरची परोपजीवी, एन्कार्सिया ग्वाडेलूपी, कुणी खास तिच्यासाठी आणलेली नव्हती. १९९० च्या दशकात आलेल्या दुसऱ्या एका चक्राकार पांढऱ्या माशीमागे ती आधीच देशात पोचलेली होती.

मे महिन्यात मावशीच्या वाडीत गेलो तेव्हा खालच्या झावळ्या काजळी धरल्यासारख्या काळ्या होत्या, खालची केळसुद्धा. पडवीत पंप धुऊन ठेवलेला.

"मावशी, अजून फवारू नकोस."

"अरे, माड काळे पडले ते दिसतात ना तुला?"

मी एक पात तोडून उलटी केली. पांढऱ्या मेणाची गोल गोल रांगोळी, तिच्यात चिकटलेले चपटे कोश. भिंग तिच्या हातात दिलं. ज्या कोशातून पांढरी माशी निघाली त्याची पाठ उसवल्यासारखी फाटलेली असते. ज्यातून एन्कार्सिया निघाली त्याला टाचणीने टोचल्यासारखं नीट गोल भोक. मावशी पात उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिली, मग दुसरी तोडली.

"हे गोल गोल?"

"हो. ती आपली."

"आणि मी औषध मारलं तर?"

"तीच आधी मरेल."

तिने भिंग परत दिलं. "बरं. मिरगापर्यंत थांबते."